प्रभुभोजनाचे मेज आणि संसद

प्रॉटेस्टंट पंथांनी सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जे विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अधिकृत लेखी कबुल्या, लिहिले, त्यांपैकी इंग्रजी भाषेत सर्वाधिक काळ टिकलेला आणि सर्वाधिक दूर पोहोचलेला विश्वासांगीकार वेस्टमिन्स्टरचा. तेहेतीस अध्यायांचा हा मजकूर १६४६ च्या अखेरीस लंडनमध्ये पुरा झाला. त्याच्या विसाव्या अध्यायातील दुसऱ्या कलमात म्हटले आहे की, सदसद्विवेकबुद्धीचा स्वामी एकटा देव आहे आणि श्रद्धा व उपासना यांच्या बाबतीत देववचनाशी विसंगत असलेल्या मानवी आज्ञांपासून त्याने तिला मुक्त ठेवले आहे. त्याच अध्यायाच्या चौथ्या कलमात असे बजावले आहे की, मंडळीची (म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेची, चर्चची) शांती व व्यवस्था मोडणारी मते जे प्रसिद्ध करतील किंवा तसे आचरण करतील, त्यांना मंडळीने जाब विचारावा आणि शासनसत्तेनेही आपल्या अधिकारात त्यांच्यावर कारवाई करावी. या परंपरेचे अभिमानी दुसरे कलम उद्धृत करतात, टीकाकार चौथे. ही दोन्ही कलमे एकाच हाताने, एकाच हेतूने आणि एकाच राजकीय निकडीपोटी लिहिली गेली, आणि त्यांत वरवर दिसतो तेवढा विरोध लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने मुळीच नव्हता, असे माझे म्हणणे आहे. त्यांना स्वातंत्र्य हवे होते ते मंडळीचे, म्हणजे संस्थेचे. मंडळीतल्या माणसाचे स्वातंत्र्य हा निराळा प्रश्न आहे, आणि या दोन स्वातंत्र्यांना एकच समजण्याची चूक आजही, अगदी आपल्या न्यायालयांतही, होत असल्यामुळे या जुन्या दस्तऐवजाची जन्मकथा तपासून पाहण्यासारखी आहे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये धर्म आणि राज्य यांची सांगड किती घट्ट होती, हे पहिल्या जेम्सने १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत ‘बिशप नाही तर राजा नाही’ असे जे बजावले, त्यावरून कळते. बिशपांची नेमणूक राजा करी, आणि गावोगावच्या व्यासपीठांवरून राजाज्ञा पाळणे हे धर्मकर्तव्य आहे असे सांगितले जाई. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने १६२९ पासून अकरा वर्षे संसदेविना राज्य केले आणि या काळात आर्चबिशप विल्यम लॉड याच्या हाताने उपासनेत अशा सुधारणा आणल्या, ज्या कडव्या प्रॉटेस्टंटांना रोमकडे परत नेणाऱ्या वाटल्या. प्रभुभोजनाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, मेज भिंतीशी लावून त्याची वेदी करणे, तिच्याभोवती कठडा घालणे, तिच्यासमोर गुडघे टेकणे या गोष्टी आज क्षुल्लक वाटतील. तेव्हा त्यांच्यावरून माणसे तुरुंगात गेली. स्कॉटलंडमध्ये १६३७ च्या जुलैत एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये राजाने पाठवलेले नवे प्रार्थनापुस्तक वाचायला सुरुवात होताच दंगल उसळली. पुढच्या वर्षी अशा बदलांना विरोध करणाऱ्या राष्ट्रीय करारावर हजारोंनी सह्या केल्या आणि राजाला स्वतःच्याच प्रजेविरुद्ध दोन मोहिमा काढाव्या लागल्या. त्यांचा खर्च भागवायला अखेर संसद बोलावावी लागली, आणि १६४० च्या नोव्हेंबरात जमलेली ती संसद राजाच्या हाती राहिली नाही. १६४२ च्या ऑगस्टमध्ये यादवी युद्ध सुरू झाले.

वेस्टमिन्स्टरची धर्मसभा भरली ती या युद्धाच्या ऐन धामधुमीत. ती बोलावली संसदेने, १६४३ च्या जूनमधील एका हुकमाने. राजाने ती बेकायदा ठरवून उपस्थितांना शिक्षेची धमकी दिली, त्यामुळे बिशपपक्षाचे बहुतेक निमंत्रित फिरकले नाहीत. सुमारे एकशेवीस धर्मपंडित, सरदारसभेचे दहा आणि लोकसभेचे वीस सदस्य अशी तिची रचना होती. या पंडितांना कोणत्याही मंडळीने निवडून दिलेले नव्हते. संसदेने जिल्हावार नावे ठरवली होती, सभेचा अध्यक्षही संसदेनेच नेमला, दिवसाला चार शिलिंगांचा भत्ताही तीच देणार होती (आणि तो वेळेवर मिळत नसे), शिवाय संसद जे विषय सोपवील त्यांखेरीज दुसऱ्या कशावर चर्चा करण्याची सभेला मुभा नव्हती. सल्ला मागितला तर द्यायचा, निर्णय संसद घेणार. ज्या सभेने पुढे ‘मंडळीचा राजा ख्रिस्त असून तिचा कारभार शासनसत्तेपासून वेगळा आहे’ असे लिहिले, ती सभा अशी संसदेची पगारी समिती होती. हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. त्या वाक्यामागची तळमळ समजून घ्यायची असेल, तर ते लिहिणाऱ्यांची ही कोंडी आधी लक्षात घेतली पाहिजे.

सभेला दिलेले पहिले काम माफक होते. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या एकोणचाळीस कलमांची दुरुस्ती तिने करायची होती. पण १६४३ च्या उन्हाळ्यात युद्धाचे पारडे राजाकडे झुकू लागले, जुलैत ब्रिस्टल पडले आणि संसदेला स्कॉटलंडच्या फौजेवाचून तरणोपाय उरला नाही. स्कॉट लोकांनी किंमत सांगितली. इंग्लंडनेही त्यांच्यासारखी बिशपविरहित, पाळक (धर्मोपदेशक) आणि वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ सदस्य) यांच्या चढत्या सभांनी चालणारी प्रेस्बिटेरियन व्यवस्था स्वीकारावी. रॉबर्ट बेली हा स्कॉट प्रतिनिधी आपल्या पत्रात लिहितो की, इंग्रजांना राजकीय तह हवा होता आणि आम्हाला धार्मिक करार. तडजोड अशी झाली की दस्तऐवजाच्या नावातच (‘सॉलेम लीग अँड कव्हेनंट’) दोन्ही शब्द आले, आणि इंग्लंडच्या चर्चची सुधारणा ‘देवाच्या वचनानुसार’ आणि उत्तम सुधारलेल्या मंडळ्यांच्या उदाहरणाप्रमाणे होईल असे ठरले. ‘देवाच्या वचनानुसार’ या शब्दांसाठी संसदेच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या सर हेन्री व्हेनने आग्रह धरला होता असे सांगतात. देवाच्या वचनाचा अर्थ कोण लावणार, हे त्यात लिहिलेले नव्हते, आणि नेमकी तीच त्याला हवी असलेली पळवाट होती. १६४४ च्या जानेवारीत सुमारे वीस हजारांची स्कॉट फौज ट्वीड नदी ओलांडून दक्षिणेला उतरली. जुलैत मार्स्टन मूरवर राजाचा मोठा पराभव झाला. सभेने दुरुस्तीचे काम बाजूला ठेवून दोन्ही राज्यांसाठी एक विश्वासांगीकार, एक उपासनापद्धती आणि एक कारभारपद्धती तयार करण्याचे काम हाती घेतले. तोफा पुरवणाऱ्या मित्राला दिलेल्या शब्दातून हा विश्वासांगीकार जन्मला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

मात्र एवढ्यावरून त्याला निव्वळ राजकारणाचे पिल्लू ठरवणे चुकीचे होईल. बेलीच्या पत्रांत सभेच्या कामकाजाचे जे वर्णन येते, ते वाचल्यावर या माणसांच्या निष्ठेबद्दल शंका उरत नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीतील जेरुसलेम दालनात पायऱ्यापायऱ्यांची बाके, मध्ये लांब मेज, त्याच्याशी लिहिणारे कारकून, आणि शेगडीत चांगला विस्तव, जी लंडनमध्ये चैनच, असे बेली कौतुकाने नोंदवतो. सकाळी नऊपासून दुपारी एक-दोनपर्यंत बैठक चाले. १६४४ च्या मे महिन्यातील एका उपासाच्या दिवशी नऊपासून पाचपर्यंत प्रार्थना आणि प्रवचने चालली. एकाने दोन तास प्रार्थना केली, दुसऱ्याने तासभर प्रवचन केले, मग तिसऱ्याने जवळजवळ दोन तास प्रार्थना केली, आणि हे सगळे बेलीला फार गोड वाटले. १६४९ च्या आरंभापर्यंत अशा अकराशेहून अधिक बैठका झाल्या. एकेका क्रियापदावर दिवस गेले. देवाची सार्वभौम निवड, कृपेचा करार, पवित्र शास्त्राचे प्रामाण्य या विषयांवरचे अध्याय आजही ज्या नेमकेपणाने वाचता येतात, तो नेमकेपणा या दीर्घ वादांतून आलेला आहे, आणि त्या अध्यायांवर संसदेने फारशी हरकतही घेतली नाही. अनंतकाळाबद्दल पंडितांनी काहीही ठरवले तरी खासदारांना चालणार होते. खटका उडाला तो रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर कोणाला बसू द्यायचे, या प्रश्नावर.

सभेत तीन मते होती. बहुसंख्य प्रेस्बिटेरियन. त्यांच्याविरुद्ध मूठभर इंडिपेंडंट, ज्यांच्या मते प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंपूर्ण असून तिच्यावर वरच्या सभांची हुकमत नको. त्यांच्यातील पाच जणांनी १६४४ च्या आरंभी आपली बाजू छापून संसदेपुढे ठेवली तेव्हा सभेत मोठी चिडचिड झाली. तिसरे एरास्टियन. टॉमस एरास्टस हा शतकापूर्वी हायडेलबर्ग येथे असलेला स्विस वैद्य. बहिष्काराचा अधिकार मंडळीच्या हाती नसावा, शिक्षा करण्याचे काम शासनसत्तेचे आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. धर्मसभेतील मोजके पंडित या मताचे होते, पण त्यांची खरी ताकद लोकसभेत होती आणि त्यांचा अग्रणी जॉन सेल्डन हा सभेत लोकसभेचा प्रतिनिधी म्हणून बसत असे. सेल्डन कायदेपंडित, हिब्रू विद्येत पारंगत. एखाद्या पंडिताने वचनाचा आधार दिला की तो म्हणे, तुमच्या सोनेरी कडांच्या छोट्या खिशातल्या बायबलात भाषांतर तसे असेल, मुळात हिब्रूत किंवा ग्रीकमध्ये मात्र असे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अपराधी भावाची गोष्ट ‘मंडळीला कळव’ असे जे म्हटले आहे, ते यहुद्यांच्या दिवाणी न्यायसभेला उद्देशून आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. तिशीच्या उंबरठ्यावरच्या जॉर्ज गिलेस्पी या स्कॉट पाळकाने त्याला तोडीस तोड उत्तर दिले आणि धर्मसभेत गिलेस्पी जिंकला. संसदेत तो जिंकू शकला नाही.

१६४५ च्या ऑक्टोबरात संसदेने हुकूम काढला. प्रभुभोजनापासून कोणाला दूर ठेवता येईल, याची यादीच त्यात दिली. ज्याला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे तत्त्व) किंवा तारणाविषयीची मूलतत्त्वे ठाऊक नाहीत असा अज्ञ माणूस, व्यभिचारी, दारुडा, शपथा वाहणारा, द्वंद्वाचे आव्हान देणारा, रविवारी नाचणारा किंवा फासे खेळणारा, अशी ती यादी. यादीबाहेरच्या कारणासाठी वडिलांना कोणालाही अडवता येणार नव्हते, आणि अडवलेल्या माणसाला वरवरच्या सभांकडे दाद मागत अखेर थेट संसदेपर्यंत जाता येणार होते. पुढच्या मार्चमध्ये संसदेने आणखी पुढे जाऊन, यादीत नसलेल्या अपराधांचा निवाडा प्रत्येक जिल्ह्यातील सरकारनियुक्त आयुक्त करतील असे ठरवले. धर्मसभेला हे असह्य झाले. अपात्राला मेजापासून दूर ठेवणे हा मंडळीचा ईश्वरदत्त अधिकार आहे, असा अर्ज तिने केला. लोकसभेने हा अर्ज म्हणजे आपल्या विशेषाधिकाराचा भंग असल्याचा ठराव केला आणि सभेकडे नऊ प्रश्न पाठवले. मंडळीचे वडील, त्यांच्या सभा, त्यांचा बहिष्काराचा अधिकार, यांपैकी नेमके काय देवाने ठरवून दिले आहे, कोणत्या वचनात, ते सांगा आणि प्रत्येक सदस्याने आपल्या उत्तराखाली सही करा. या प्रश्नावलीला सभेचे औपचारिक उत्तर कधीच गेले नाही. बेलीने इंग्लंडला मिळालेल्या व्यवस्थेचे वर्णन ‘लंगडी एरास्टियन प्रेस्बिटरी’ असे केले.

चर्चच्या इतिहासांत हा प्रसंग बहुधा संसदेच्या उद्दामपणाचा दाखला म्हणून येतो. मला तो उलटा वाचावासा वाटतो. एखाद्या गावातल्या विणकराची कल्पना करा. मंडळीच्या वडिलांनी त्याला मेजावरून उठवले, तर धर्मसभेच्या व्यवस्थेत त्याची दाद वडिलांच्याच वरच्या सभांकडे, म्हणजे त्याच वर्गाच्या, त्याच मताच्या माणसांकडे. संसदेच्या व्यवस्थेत अपराध आधी लिहून ठेवलेला आहे, मनाला येईल तो नवा अपराध शोधता येणार नाही, आणि शेवटची दाद मंडळीबाहेरच्या संस्थेकडे आहे. लिखित अपराध आणि बाहेरचा न्यायाधीश, या दोन गोष्टी व्यक्तीच्या संरक्षणाच्या मूलभूत गोष्टी आहेत. खासदारांनी त्या विणकराच्या प्रेमापोटी केल्या नाहीत हे उघड आहे. पाळकाने आपल्यालाच मेजावरून उठवले तर काय, ही जमीनदार खासदारांची धास्ती होती, आणि आर्चबिशप लॉडच्या धर्मन्यायालयांचा जाच ते विसरले नव्हते. हेतू स्वार्थी होता, तरी त्यातून निघालेला नियम त्या विणकराच्या कामाचा होता.

शिवाय त्या काळी मेजावरून उठवणे ही केवळ आध्यात्मिक शिक्षा नव्हती. गावातली पत, व्यवहार, सोयरिकी तिच्याशी जोडलेल्या होत्या. पुढे १६७३ च्या कायद्याने तर इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेतल्याचा दाखला दिल्याशिवाय सरकारी पदच मिळेनासे झाले, आणि ती अट १८२८ पर्यंत टिकली. जिथे मेज म्हणजे नागरिकत्वाचा दरवाजा होतो, तिथे त्याची किल्ली केवळ पाळकाकडे असावी असे म्हणणे म्हणजे नागरिकत्वच पाळकाच्या स्वाधीन करणे होय.

या वाचनावरचा सर्वांत सबळ आक्षेप असा की ही संसद काही उदारमतवादी नव्हती. आक्षेप खरा आहे. धार्मिक एकरूपता लादणे हेच यादवीचे मूळ आहे आणि यहुदी, तुर्क, मूर्तिपूजक अशा सर्वांच्या विवेकबुद्धीला मोकळीक असावी असे सांगणारे रॉजर विल्यम्सचे पुस्तक १६४४ मध्ये लंडनमध्ये निघाले, तेव्हा ते जाळण्याचा हुकूम याच लोकसभेने दिला. १६४८ च्या मेमध्ये याच संसदेने त्रैक्य नाकारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगणारा हुकूम संमत केला. म्हणजे या वादात विवेकस्वातंत्र्याचा पक्ष कोणताच नव्हता. पण म्हणूनच तर हे प्रकरण बोधक आहे. दोन असहिष्णू सत्ता परस्परांना अडवत होत्या, आणि सामान्य माणसाला जो थोडा श्वास घेता आला तो त्या अडवाअडवीतून. त्यांचे एकमत झाले असते तर त्याचे काय झाले असते, हे पाहायला स्कॉटलंडकडे वळावे लागते.

इंग्लंडमधील शेवट थोडक्यात सांगता येतो. १६४६ च्या डिसेंबरात विश्वासांगीकार संसदेला सादर झाला. लोकसभेने प्रत्येक विधानाला शास्त्रवचनांचा आधार मागितला, तो १६४७ च्या एप्रिलमध्ये दिला गेला. १६४८ च्या जूनमध्ये संसदेने मजकूर मंजूर केला तो काटछाट करून. तिसावा अध्याय, ज्यात मंडळीचा कारभार शासनसत्तेपासून वेगळा असल्याचे आणि बहिष्काराचा अधिकार मंडळीच्या अधिकाऱ्यांचा असल्याचे म्हटले होते, तो वगळला. धर्मसभांवरचा एकतिसावाही वगळला आणि विसाव्या अध्यायातील ते चौथे कलमही गेले. सहा महिन्यांत सैन्याने प्रेस्बिटेरियन खासदारांना सभागृहातून हुसकले, जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला, आणि ज्या दोन राज्यांना एका श्रद्धेत बांधायचे होते ती दोन वर्षांत एकमेकांशी लढत होती. १६६० मध्ये राजेशाही परतली. १६६२ च्या कायद्याने सुमारे दोन हजार पाळक पदांवरून गेले. धर्मसभेचा पहिला अध्यक्ष विल्यम ट्विस वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला होता, त्याचे अवशेषही नव्या राजाच्या हुकमाने उकरून बाहेर टाकण्यात आले.

स्कॉटलंडच्या धर्मसभेने मात्र १६४७ च्या ऑगस्टमध्ये हा विश्वासांगीकार जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला होता, आणि १६९० मध्ये तेथील संसदेने त्याला कायद्याचे बळ दिले. तिथे मंडळी आणि शासन यांचे एकमत होते. त्या एकमताच्या काळात, १६९७ च्या जानेवारीत, टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एडिंबरोजवळ फाशी दिले गेले. त्रैक्याची आणि शास्त्राची तो मित्रांपुढे टवाळी करी. एका थंडीच्या रात्री तो म्हणाला होता की बायबलातल्या एज्राने सांगितलेल्या नरकात जाऊन ऊब घ्यावीशी वाटते. त्याने क्षमा मागितली, दयेचा अर्ज केला. मंडळीने मध्यस्थी केली असती तर फाशी टळण्याची शक्यता होती. त्याच दिवसांत एडिंबरोत भरलेल्या धर्मसभेने राजाकडे अधर्माविरुद्धच्या कायद्यांची कडक अंमलबजावणी मागितली. विसाव्या अध्यायाचे दुसरे कलम तेव्हाही पुस्तकात होतेच.

आता याच परंपरेची दुसरी, अधिक सन्माननीय बाजू. १७१२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये पाळक नेमण्याचा हक्क जमीनदार आश्रयदात्यांना परत मिळाला होता. ऑक्टरार्डर या गावी १८३४ मध्ये आश्रयदात्याने एक पाळक सुचवला आणि मंडळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी तो नाकारला. न्यायालयांनी, अखेर सरदारसभेनेही, आश्रयदात्याचाच हक्क उचलून धरला. तेव्हा मंडळीच्या स्वातंत्र्याचा पक्ष ज्या मजकुराकडे वळला तो विश्वासांगीकाराचा तिसावा अध्याय, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या संसदेने कापलेला. १८ मे १८४३ रोजी टॉमस चामर्स यांच्यासह शेकडो पाळक, एकूण पाळकांच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, वेतन, घर आणि चर्चच्या इमारती सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. इथे संस्थेचे स्वातंत्र्य आणि माणसांचे स्वातंत्र्य खरोखर एका बाजूला होते, कारण समोर जमीनदार होता. तत्त्व तेच, पण ते कोणाविरुद्ध वापरले जाते आहे यावर त्याचे मोल बदलते.

ही लाट मुंबईपर्यंत आली. १८२९ पासून इथे काम करणारे जॉन विल्सन तेव्हा रजेवर होते. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट व मरे मिचेल हे सर्व फ्री चर्चकडे गेले, आणि शाळेसाठी उभारलेली इमारत जुन्या चर्चच्या मालकीची म्हणून त्यांना सोडावी लागली. विल्सन कॉलेज आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ही याच फ्री चर्चच्या कामाची फळे. योगायोग असा की त्याच वर्षी, सप्टेंबरात, नारायण शेषाद्री यांनी या मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही मिशनच्या आश्रयाला गेला. मुलाच्या वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे म्हणून पुढाकार घेतला, आणि सनातन्यांनी शेषाद्री कुटुंबावरच नव्हे, तर त्यांची बाजू घेणाऱ्यांवरही बहिष्काराचे शस्त्र उगारले. गिरगाव-फोर्टच्या परिसरात एकाच वेळी दोन वाद चालू होते. एकीकडे मंडळीच्या कारभारात सत्तेने ढवळाढवळ करू नये म्हणून इमारतीवर पाणी सोडणारे मिशनरी, दुसरीकडे जातीच्या कारभारात कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून एका पोराला वाळीत टाकू पाहणारे शास्त्री. दोघांचा दावा शब्दशः सारखाच होता. ‘आमच्यात कोण, हे आम्ही ठरवू.’

हा दावा आपल्याकडे पुढे कायद्याच्या भाषेत आला. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढणे हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे आणि अनुच्छेद २६ त्याचे रक्षण करतो, अशी बहुमताची भूमिका होती. हे जवळजवळ विश्वासांगीकाराच्या तिसाव्या अध्यायासारखे वाचता येते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी एकट्याने मतभेद नोंदवला. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि हा कायदा व्यक्तीच्या विवेकस्वातंत्र्याला साधक आहे, असे त्यांनी म्हटले. २०२३ मध्ये हा निकाल पुनर्विचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. महाराष्ट्राने दरम्यान, जातपंचायतींच्या जाचाची प्रकरणे एकामागून एक पुढे आल्यावर, सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला.

माझे मत सिन्हांच्या बाजूने आहे, पण एका मर्यादेसह, आणि ती मर्यादा गिलेस्पीकडून शिकण्यासारखी आहे. कोणाच्या हातची भाकर आणि द्राक्षारस कोणी घ्यावा, कोणाला नमाजात इमाम करावे, कोणाला दीक्षा द्यावी, हे शासनाने ठरवू नये. जिल्हा आयुक्ताने प्रभुभोजनाची पात्रता तपासावी ही १६४६ ची कल्पना हास्यास्पद होती, आणि गिलेस्पी तिथे बरोबर होता. दफनभूमीतली जागा, घर, पाणी, रोजगार, मुलांची शाळा, आईवडिलांचे शेवटचे दर्शन या गोष्टी मात्र मेजावरच्या नाहीत. त्यांवर हात टाकणारा निर्णय धार्मिक कारणाने घेतला म्हणून धार्मिक कारभार होत नाही. एखाद्या संप्रदायाने आपल्या श्रद्धेची कबुली हवी तेवढी कडक लिहावी. ती न मानणारा माणूस तिच्यातून बाहेर पडल्यावरही त्याच गावात, त्याच गल्लीत राहणार असतो, आणि तिथले त्याचे हक्क त्या कबुलीवर अवलंबून नसावेत.

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांनी हा भेद आपण होऊन केला. १७८८ मध्ये त्यांनी विश्वासांगीकाराचे विसावे, तेविसावे आणि एकतिसावे हे अध्याय दुरुस्त केले, पाखंड मोडून काढण्याची शासनाची जबाबदारी काढून टाकली आणि सर्व माणसांचे शरीर व कीर्ती यांना धर्माच्या किंवा अश्रद्धेच्या सबबीवर कोणाकडून इजा होऊ न देणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून लिहिले. ज्या अध्यायात राज्याला पाखंडाविरुद्ध उभे केले होते, त्याच अध्यायात आता राज्य पाखंड्याच्याही रक्षणाला उभे आहे. मजकूर बदलला तो एका धर्मसभेनेच, आणि बाकीचे अध्याय, देवाची निवड आणि कृपेचा करार यांच्यासकट, जागच्या जागी राहिले.